वेनच्याओला देवाचा कौल

त्साय वेनच्याओने आख्ख्या चीनचे सणवार आणि जुन्या चालीरीती कॅमेऱ्यात धरल्या. राहिलं ते फूच्येनच्या किनाऱ्यावरचं स्वतःचं गाव. "तुमच्या देवाची मिरवणूक आण, नाहीतर घरी बस," असं शांघायच्या साहेबांनी यंदा बजावलं होतं.

देवळात त्याची आत्या, श्योलुआन, वाटच बघत होती.

"आलास का मेल्या? तुझी प्रत्येक फिल्म बघते मी. एकीत तरी दिसावास!"

"आत्या, मी कॅमेऱ्याच्या मागे असतो गं."

"मग पुढे ये की! कोणी धरून ठेवलंय?"

"आधी देवाला विचारतो, शूटिंग करू का?"

"विचार बाबा," म्हणत आत्याने कौलाचे दोन लाकडी तुकडे पुढे केले आणि गालातल्या गालात हसली.

एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसला, म्हणजे खेळ संपला. वेनच्याओने टाकले, होकार. पुन्हा होकार. पुन्हा! देव इतका दिलदार असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो टाकत सुटला आणि भोवतालची माणसं मोठ्याने मोजत सुटली. अखेर देव हसला, तशी बाहेर फटाक्यांची माळ लागली.

"शूटिंगचा एवढा आनंद?"

"कसलं शूटिंग, येड्या! सगळ्यांत जास्त कौल तुला. यंदा धूपपात्राचा मान तुझा, वर्षभर देव तुझ्या घरी!"

"अगं, पण मी विचारलं भलतंच!"

"आजच्या दिवशी कोणी काहीही विचारो, देव मान कोणाला एवढंच सांगतो."

"माझं घर शांघायला, अठराव्या मजल्यावर!"

"मग? लिफ्ट नाही का?"

लोकांनी त्याला मानाचा झगा चढवला, पेटतं धूपपात्र दोन्ही हातांत दिलं आणि मिरवणूक निघालीसुद्धा. आता कॅमेरा कोण धरणार? पात्र खाली ठेवावं तर गाव सोलून काढेल, न ठेवावं तर नोकरी गेली. वेनच्याओ रडकुंडीला आला.

"आत्या, पाया पडतो, कॅमेरा धर! देवावर धर हां, देवावर!"

"धरते रे. मला काय अक्कल नाही?"

शांघायला साहेबांपुढे फिल्म लागली. देवाचा पत्ताच नाही! पहिल्यापासून नुसता वेनच्याओ: घामाघूम, धुराने डोळे गळताहेत, पुसायला हात मोकळा नाही. मागून आत्याचा आवाज, "वाळलाय गं पोरगा." गर्दीतून कुणी ओरडलं, "अगं श्योलुआन, देव तिकडे चाललाय!"

"जाऊ दे. तो काय, दरवर्षी दिसतो."

वेनच्याओला हुंदका आवरेना. साहेबांनीही डोळे टिपले. मग म्हणाले, "परत लाव."