माह्या भाच्याचं तांबं

त्या दिशी गोठ्यात मी होते, माहा भाऊ गणपत होता, भावजय शांता होती, औंढ्याहून पोरगं पाहायला आलेला एका पोरीचा बाप होता, अन् ज्याच्यापायी सारे जमले तो माहा भाचा. त्याच्यावानी माणूस आमच्या साऱ्या साखरा गावात न्हाई, अन् दुसरा कुठं असंल असंबी मला वाटत न्हाई.

शहरात लई वर्सं शिकला. तिथं सरांच्या हाताखाली शिकायला मिळनारे पैसे बंद झाले तसा काचंच्या नळ्या अन् तांब्याच्या पट्ट्या घेऊन घरी आला. हळद शिजवायच्या भट्टीचा धूर पाइपानं आनतो, आधी पान्यातून धुतो. धूर धुनारा माणूस मी पयल्यांदा पाह्यला. मग तो दुसऱ्या भांड्यातल्या पान्यात सोडतो, त्यात तांब्याची पट्टी, तिला सोलरची तार. धुरातला कार्बन का काय तो तांब्याच्या अंगावर बदलतो म्हने, त्याचं स्पिरिट व्हतं. भावजयीनं चिंचेनं तांब्या घासला का ह्याचा जीव जातो, "माय, त्याचं अंगच काढलं तू." खरबरीत तांबं जास्त काम करतं म्हने. तवापासून पाव्हन्यांना काळ्या तांब्यातून पानी. गावात बोभाटा झाला का पोरगं धुराची दारू काढून राहिलं. दोन पिदाडे गिलास घेऊन दारात बसले. ह्यानं नळीच्या बुडाशी पडलेला थेंब दाखवला, तं शिव्या देत गेले.

त्या दिशी पट्टी सकाळपासून सांजेपर्यंत टिकली तं शहरातले सर ह्याला परत घेनार, न्हाई तं हिंगोलीच्या मोंढ्यात, बाजारात, हळदीचे पोते मोजायचं ठरलं व्हतं. त्याच दिशी पोरीचा बाप आला. सकाळी बराबर चाललं. दुपार कलली, भाच्यानं त्याच्या यंत्रात पाह्यलं अन् तार सोडून खाली बसला.

"काय झालं पाव्हने?" पोरीच्या बापानं इचारलं.

"स्पिरिट बंद झालं काका. आता नुसता हायड्रोजन निघतो. तांबं थकलं."

"तांबं थकतं व्हय?"

"साऱ्या जगात थकून राहिलं. कोनालाच टिकवता येईना."

पोरीच्या बापानं चहा तसाच ठेवला अन् यष्टी गाठली. भाऊ बैलाला पेंड घालाया गेला.

आता भाचा मोंढ्यात जातो. सांजेला येऊन पट्टी बुडवतोच. म्या नवरा पोचवला, लेकरू पोचवलं, डोळ्याला पदर लावला न्हाई. पन हा पट्टीवर हात ठेवून बसला का मला तिकडं पाहवत न्हाई.

वाचनारानं येवढं करावं. तांबं टिकवायची रीत ज्याला ठावं असंल त्यानं साखऱ्याला येऊन ह्याला सांगावी. ठावं नसंल तरी यावं, घडीभर त्याच्यापाशी बसावं.