आम्ही अडवलेला ट्रक

काकूच्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होते. आवाज ऐकू आला. वाळका बांबू फाकताना येतो तसा.

कुरखेड्याच्या पुढं, अगरबत्तीच्या काड्या करणाऱ्या कारखान्याच्या फाटकात हे झालं. काकू तिथली सगळ्यात जुनी कामगार. मालकानं काड्या व्हिएतनामात करून घ्यायचं ठरवलं होतं. तिकडं स्वस्त पडतं म्हणे. इथली चार यंत्रंही तिकडंच जायची होती. बायकांना मात्र सांगितलं, "मेंटेनन्स हाये, पंधरा दिवस घरी राहा." पंधरा दिवसांनी फाटकात ट्रक उभा, आणि लोखंडी पहारी घेतलेली आठ माणसं.

मी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आदल्या दिवशीच एक वाटलं होतं: "कारखाना बंद नाही! यंत्रं जागेवर आहेत तोवर कारखाना जिवंत आहे! एकही यंत्र हलू देऊ नका!" लिहून झाल्यावर मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं, इतकं ते मला आवडलं होतं.

बायका ट्रकपुढं बसल्या. ड्रायव्हरनं गाडी रेटली, बंपर पहिल्या बाईच्या गुडघ्याला लागला. काकू उठली. बांबू फोडायचा कोयता तिनं उलटा धरून बॉनेटवर हाणला.

"उतर खाली, भाड्या! ने माह्या अंगावरून!"

एकानं तिला केसांना धरून फरफटवलं. तिनं कोयत्याच्या मुठीनं त्याचं कपाळ फोडलं. डोळ्यांत रक्त ओघळलं तशी त्यानं आंधळ्यासारखी पहार फिरवली, ती तिच्या उजव्या मनगटावर बसली. पुढं कोण कोणाला मारत होतं ते सांगता येणार नाही. मीही दगड मारले. एक ड्रायव्हरच्या काचेतून आत गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ट्रक रिकामा परत गेला. बायकांनी मला उचलून घेतलं. आम्ही जिंकलो होतो.

दोन महिन्यांनी सरकारची योजना कळली. उत्पादन परदेशी गेल्यामुळं ज्यांचं काम सुटलं, त्यांना गडचिरोलीत नवं काम शिकवणार, शिकेपर्यंत भत्ता देणार. काकूला ते हवंच होतं. वयाची अट होती. पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नव्हती, आणि अर्जाची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

आम्ही दोघी एसटीनं गडचिरोलीला गेलो. योजनेच्या ऑफिसातला साहेब वाईट माणूस नव्हता, त्याचाच जास्त संताप येतो. त्यानं आधी पाणी दिलं, मग फाइल उघडली.

"कारखाना बंद आहे असं कोण म्हणतं, बाई?"

काकूनं वाकडा जुळलेला हात टेबलावर ठेवला. "चालू कारखान्यात असं होते काय साहेब?"

"यंत्रं शेडमध्ये आहेत. मालक लिहितो, कारखाना चालूच आहे, कामगारांनी अडवलाय. पुरावा जोडलाय." त्यानं माझं पत्रक पुढं सरकवलं. "कारखाना बंद नाही. हे तुमचंच ना, मॅडम? शेड रिकामं करा, मी लगेच कारखाना बंद असल्याचा पंचनामा करतो."

ज्या यंत्रांसाठी हाड मोडून घेतलं ती गेल्याशिवाय मदत नाही! असला नियम लिहिणाऱ्याला एकदा त्या बंपरपुढं बसवायला पाहिजे.

परतीची एसटी आरमोरीला थांबली. काकू म्हणाली, "आता काय करतं?"

"वरच्या ऑफिसवर मोर्चा नेऊ."

"तवरीक मी म्हातारी होऊन जाईन, पोरी. मालकाले फोन लाव. म्हणा, ट्रक धाड."

"काकू, रक्त सांडलं आपण त्याच्यासाठी!"

"हाव, सांडलं. तुहं किती सांडलं?"

मी फोन लावला.

तीच माणसं आली. कपाळावर टाक्यांचे वण असलेला तो हसत म्हणाला, "का वं काकू, आज कोयता कुठी हाये?" काकूनं डाव्या हातानं अशी थोबाडीत दिली की तो भिंतीवर आपटला. मग ती पदर खोचून यंत्राला खांदा लावायला गेली. ट्रकसोबत आणलेली क्रेन शेडच्या आत येत नव्हती. पाइपांवरून ढकलतच यंत्रं बाहेर काढायची होती आणि माणसं कमी होती. आम्ही सगळ्या लागलो.

तिसरं यंत्र पाइपावरून घसरलं. टाकेवाल्याचं पाऊल खाली सापडलं. तो गुरासारखा ओरडला. बुटातून रक्त बाहेर आलं. त्याचे साथीदार नुसतेच बोंबलत होते. आमच्यातलं कुणीच हललं नाही. मीही नाही. मी बघत उभी राहिले, आणि मला बरं वाटत होतं.

"उचला वं!" काकू किंचाळली. "पाहून काय राह्यल्या? हा इथी मेला तं पोलीस येतीन, ट्रक अडकून राहीन!"

पहारी घालून आम्ही यंत्र उचललं. त्याला ओढून ट्रकच्या केबिनमध्ये टाकलं. त्याचं विव्हळणं ऐकत तिसरं चढवलं, मग चौथं. ट्रक त्याला घेऊनच निघाला.

दुपारी साहेब आले. शेडभर फिरले. जमिनीवरच्या ओल्या लाल डागापाशी थांबले.

"हे काय?"

"कोंबडं कापलं जी," काकू म्हणाली, आणि पंचनाम्याचा कागद गुडघ्यावर धरून तिनं डाव्या हातानं सही केली.