कालिंदीकाकूचं सालींचं पाणी

फणसवाडीतल्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर फिनेलची बाटली औषधालाही सापडायची नाही. का, तर कालिंदीकाकू! बँकेतून निवृत्त झालेल्या रमाकांतांची ही बायको. ज्यूसवाल्याकडून लिंबा-मोसंबीच्या साली आणायची, गूळ आणि पाणी घालून गॅलरीतल्या बरण्यांत महिनोन् महिने मुरवत ठेवायची आणि गाळून घरोघर वाटायची. लादीला ते, बेसिनला ते, आणि भांड्यांना उकळलेल्या रिठ्यांचं पाणी. शिकलेली मंडळी सालींच्या त्या पाण्याला बायोएन्झाइम म्हणतात. काकू आपली सरळ सालींचं पाणी म्हणायची.

आता साली मुरल्या की नासल्या, हे ओळखायचं कसं? नाकानं. झाकण उघडलं की आंबटगोड वास यायला हवा. सडका आला की बरणी गेली मोरीत. आणि काकूचं नाक म्हणजे काय सांगू! तळमजल्यावर दूध करपलं तरी हिला वर कळायचं. शेजारणी तूप घेऊन यायच्या, "काकू, जरा हुंगून बघा हो." रमाकांत तर तिनं वास घेतल्याशिवाय कालच्या आमटीला हात लावायचे नाहीत.

काकूचं हे वास घेणं करोनानं नेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. येईल आज ना उद्या, म्हणून काकूनं कुणाला सांगितलं नाही. मग सांगायची लाज वाटायला लागली. वर्षं गेली. बरण्या ती आता कॅलेंडर बघून उघडायची, उगीच झाकणाशी नाक नेऊन "झालं गं तयार" म्हणायची, आणि नशिबानं निभावून जायचं. बाई मानी, दुसरं काय!

यंदा रमाकांत चाळीच्या जिन्यात घसरले आणि घोटा मोडला. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरांनी काकूला बजावलं, "यांना डायबिटीस आहे, पाय बधिर झालाय. आत जखम झाली तरी यांना दुखणार नाही. रोज प्लास्टरचा वास घेत जा. घाण वास आला की त्याच दिवशी घेऊन या, नाहीतर पाय जाईल."

"त्याची काळजीच सोडा, डॉक्टर," रमाकांत कौतुकानं म्हणाले. "हिच्या नाकातून काही सुटायचं नाही."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. अगं बाई, एका वाक्याचं काम! पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान बघितला आणि तिनं नुसती मान डोलावली. शेजारच्या अनुजाला रोज हुंगायला बोलवू, असं तिनं टॅक्सीत ठरवलंही. पण का बोलावतेय, हे काय सांगणार? राहूनच गेलं.

रोज सकाळी ती पलंगाशी वाकायची, प्लास्टरच्या कडेला नाक लावून मोठा श्वास घ्यायची. मग म्हणायची, "ठीक आहे हो." रमाकांत निवांत पेपर उघडायचे.

पुढे शेजारणी दारातूनच विचारपूस करून परतायला लागल्या. अनुजा बोलताना ओढणी नाकाशी न्यायची. शेवटी तीच चाचरत म्हणाली, "काकू, रागावू नका हं. तुमच्या बरण्या नासल्यात वाटतं. चार दिवस वास मारतोय. घरात आजारपण, म्हणून कुणी बोललं नाही."

काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीत अब्रू गेली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. पायाचं आलंच नाही! उभ्याउभ्या तिनं सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या, गॅलरी घासली, रिठ्याच्या पाण्यानं घर दोनदा पुसून काढलं. संध्याकाळी अनुजाला हाक मारली, "ये गं, आता बघ."

अनुजा आत आली आणि थबकली. "काकू, अजून येतोय." दोन पावलं पुढे गेली. "इथे जास्त आहे. काकांच्या पलंगापाशी."

आता कुठे काकूच्या डोक्यात पायाचं आलं. अनुजानंच खाली धावत जाऊन टॅक्सी आणली.

इस्पितळात प्लास्टर कापलं तेव्हा नर्सनंसुद्धा तोंड फिरवलं. टाच काळी पडली होती आणि विष वर चढत होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. डॉक्टर चिडलेच. "इतका वास, आणि घरात कुणाला कळला नाही?" आपण नवऱ्याचा पाय घालवला, हे काकूला पुरतं कळलं होतं.

शुद्धीवर आल्यावर रमाकांत ना रागावले ना ओरडले. उशाशी बसून रडणाऱ्या बायकोचा हात धरून उलट तिचीच समजूत घालायला लागले.

"मला येत होता गं वास," ते म्हणाले. "सडका. रोज वाटायचं, विचारावं. पण तू हुंगून ठीक म्हणायचीस. म्हटलं, आपल्यालाच भास होतोय. तुझं नाक कधी चुकलंय?"

निदान आता तरी सांगायचं! शब्द ओठांपर्यंत आलेही. काकूनं पदरानं डोळे पुसले.

"या वेळी चुकलं हो," ती म्हणाली.

आणि त्या भल्या माणसानं तिला माफ करून टाकलं.