शालनवहिनींची कलकत्ता भाजी

संजूचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, आमच्या घरी, दुपारचं आवरत होते. “आत्या, आई गेली गं… जेवून उठली, हात धुतले आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गेली.” अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी विचारलं, “काय जेवल्या होत्या?” तो हुंदका आवरत म्हणाला, “भाकरी आणि तिची ती कलकत्ता भाजी.” डोळ्यांत पाणी असताना मला हसू आलं. शालनवहिनींना जाऊन आता दीड महिना झाला, तरी तो हसरा कढ काही ओसरत नाही.

आष्ट्याला आमचं ऊसवाल्यांचं घर. थोरला दादा पलटणीत. त्र्याहत्तर साली तो नोकरी संपवून कलकत्त्याहून घरी आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दादाबरोबर वहिनी, त्यांच्या कडेवर दीड वर्षाचा संजू आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी कढई. गोल बुडाची, एकाच लांब दांड्याची. आईनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, “ही कसली गं? एका कानाची?”

वहिनींचं माहेर दुष्काळी जतकडचं. “आमच्याकडं हिरवं पान दिसलं की आधी नमस्कार करायचा, मग खायचं,” असं त्या म्हणायच्या. त्यामुळे आमच्याकडे तांदुळजा, पोकळा तास तास शिजवून, घोटून, वर दाण्याचं कूट घालून त्याचा लगदा करतात, हे बघून त्यांचा जीव तळमळायचा. महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एके दिवशी चुलीत तुराट्यांचा मोठा जाळ केला, कढईतून धूर निघेपर्यंत ती तापवली, पळीभर शेंगतेल, ठेचलेला लसूण, आधी देठं, मग निथळलेली पानं, मीठ, चिमूटभर साखर. चर्रर्र आवाज झाला, चार वेळा परतलं, पाण्याचा एक हबका मारला आणि कढई खाली. हळद नाही, मिरची नाही, कूट नाही. पानं तशीच हिरवीगार, चकाकत होती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घास घेतला आणि शांतपणे म्हणाले, “शेळीच्या वाटणीचं माझ्या ताटात आलंय वाटतं.” सगळे हसले. वहिनी पण हसल्या. पण आबांनी पुढचा घास घेतला, मग आणखी एक, आणि शेवटी वाटी पुढे सरकवली. पंधरा दिवसांत ही भाजी घरात रुळली. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त आवडली ती आईला. भाकरीचा तुकडा हातात धरून ती वहिनींना हाक मारायची, “शालन, तुझी ती चर्रची भाजी आण गं!”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझा मामा, आईचा एकुलता धाकटा भाऊ, बासष्टच्या लढाईत वर हिमालयात गेला. त्याचं काहीच परत आलं नाही, नुसती तार आली. तेव्हापासून आमच्या घरात ‘चिनी’ हा शब्दच बंद झाला होता. चिनी मातीच्या कपबशा आईनं त्याच आठवड्यात उकिरड्यावर टाकल्या. दादा पलटणीच्या सवयीनं साखरेला चिनी म्हणाला, तर त्यालाही बोलणी बसली.

आणि एके दिवशी दादाचा पलटणीतला सोबती इस्लामपुराहून जेवायला आला. पहिला घास घेताच तो खूश होऊन ओरडला, “वहिनी, चिनी भाजी! लय दिसांनी मिळाली बगा.”

आई वाढत होती. तिनं पळी खाली ठेवली. “कुणाकडनं शिकलीस ही?” तिनं विचारलं. वहिनींना खोटं बोलता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, “कलकत्त्यात शेजारच्या चिनी मावशीकडनं.” आई आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कढई माळ्यावर गेली आणि स्वयंपाकघरातलं बोलणं भाजी-भाकरीपुरतं उरलं. मला आईचा राग यायचा आणि तिची दयाही यायची.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी आम्ही तिघी ओसरीवर पोकळा निवडत होतो. खाली मान घालून आईनंच विचारलं, “तुझ्या बाळंतपणात तर माझा लेक सरहद्दीवर हुता. मग जवळ कोण हुतं?”

“तीच होती,” वहिनी म्हणाल्या. “मेई मावशी. मला रिक्षात घालून तिनंच दवाखान्यात नेलं. संजूची पहिली आंघोळ तिच्याच हातची. सव्वा महिना मला तिनं खाऊ घातलं, ही भाजी आणि मऊ भात…”

“आणि तिचा नवरा?”

वहिनी म्हणाल्या, “लढाईच्या वेळी त्याला पोलिसांनी नेलं होतं. चिनी म्हणून. जन्मला कलकत्त्यात, चीन कधी बघितलासुद्धा नव्हता. राजस्थानात कुठंतरी कोंडून ठेवलं होतं.”

आईनं मान वर केली. “मग? परत आला का?”

“आला. तीन वर्षांनी.”

आईनं हातातलं देठ सुपात टाकलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “आला न्हवं? … बरं झालं बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला माळ्यावर चढवून कढई काढायला लावली. स्वतः राखेनं घासली आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवली. “कर तुझी भाजी. पर नाव दुसरं ठीव.” वहिनी म्हणाल्या, “कलकत्ता भाजी म्हणू या.” आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या बायका पाल्याच्या पाट्या घेऊन कलकत्ता भाजी शिकायला येऊ लागल्या. त्यांना शिकवायला आई पुढे! “जाळ मोटा पायजे गं, भ्यायचं न्हाई,” असं ती त्यांना ठासून सांगायची. वहिनी मागे उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या दिवाळीत आईनं मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं. मेई मावशीला पत्र. मी हिंदीत लिहायचं, ती सांगणार. “लिही, नातू बरा हाय, दात आले. लिही, तुमची भाजी ग्वाड लागती, पर मीठ कमी पडतंय.” मी म्हटलं, “आई, असं कुणी लिहितं का?” ती म्हणाली, “खरं त्ये लिवायचं.” शेवटी म्हणाली, “आणि लिही… तुमचं मालक घरी आले, ह्ये ऐकून बरं वाटलं.”

उत्तर यायला दोन महिने लागले. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं चार ओळींचं हिंदी पत्र, आणि कागदाच्या पुडीत मोहरीसारखं बारीक काळपट बी. पत्रात होतं, “मीठ तुम्ही घाला. बी मी पाठवते.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला. विहिरीजवळच्या पाटाकडेला वहिनींनी ते बी टोकलं आणि जाड पांढऱ्या देठांची, रुंद पानांची भाजी तरारून आली.

पुढे आई गेली, आबा गेले, दादा गेला. मी लग्न होऊन साताऱ्याला आले. पण तो वाफा दरवर्षी थंडीत हिरवा होत राहिला. गेल्या आठवड्यात आष्ट्याला गेले तेव्हा पाटाकडे जाऊन आले. भाजी खुडून संपली होती. फक्त दोन झाडं बियांसाठी राखलेली, पिवळ्या फुलांवर आलेली. कुणी चुकून तोडू नयेत म्हणून वहिनींनी जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांना आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून ठेवली होती. संजूची बायको म्हणाली, “आत्या, शेंगा वाळल्या की मी काढीन. यंदा थोडं बी साताऱ्याला पण न्या.”

मी हो म्हटलं आणि चिंधीची गाठ जरा सैल झाली होती, ती घट्ट केली.