वधूपिता बाहेरगावी

उपस्थित पाहुणे मंडळींनी शांतता राखावी. आजच्या कार्यक्रमाच्या दृष्टीने एक अत्यंत गंभीर सूचना आहे. वधूपित्याला मांडवात येण्यास मनाई करण्यात आलेली आहे. वधूपित्याने उसाच्या कडेला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसून राहावे. मोठ्याने खोकू नये. हुकमावरून.

वधूपिता म्हणजे मी.

ही सूचना माईकवर झाली नाही. ती आमच्या पडवीत झाली, चहा पिता पिता, माझ्या तोंडावर. पोरगी पाहून झाली होती. मुलगा पणदऱ्याकडचा. त्याचे चुलते पांढऱ्या गाडीतून आलेले, सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच कळपामागं हिंडलेले. पुढं त्यांच्या वाटणीला कॅनॉलचं काळं रान आलं, आमच्या वाटणीला वरचा मुरूम. एवढाच फरक. तेवढा पुरतो.

साहेब माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, “पोरगी पसंत हाय. पण साखरपुड्याला ह्यो मांडवात नको. आमची मोठी माणसं येणार, ह्यो काय बोलंल नेम न्हाय.”

मी समोरच बसलो होतो. ह्यो म्हणजे मी.

मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, “गोळ्या चालू हायत न्हवं ह्याच्या? त्या दिशी एक न्हाय, दोन द्या. झोपंल निवांत.”

सगळे हसले. माझा भाऊपण हसला. थोडासाच. तो थोडासा अजून माझ्या छातीत आहे.

आता मी कोण ते सांगतो. इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांत लग्न म्हटलं की माईकवर मी. कुणाच्या नावाआधी किती बिरुदं लावायची, कुणाचं नाव कुणाच्या मागं गेलं तर गाडी न जेवता परत फिरते, सगळं तोंडपाठ. खुद्द साहेबांचं नाव मी असं घ्यायचो की ते गाडीतून उतरताना कॉलर सारखी करायचे. पोरगी लहान असल्यापासून माझ्याबरोबर यायची. तिचं काम एकच. सगळ्यात मागच्या खुर्चीवर उभं राहायचं. मी विचारायचो, “मागं ऐकू येतंय का?” येत असलं तर तिनं हात वर करायचा. नसलं तर बोंब मारायची. तिच्या बोंबेला अख्खा मांडव हसायचा.

मग माझा आवाज गेला. घसा चांगला होता. बोलावंसंच वाटेना. सकाळी बाजेवरून पाय खाली टाकायला मला दुपार व्हायची. अंथुर्णे गावातल्या एका लग्नात माईक हातात, तोंड उघडं, आणि शब्दच नाही. लोकांना वाटलं लाईट गेली. घरी आल्यावर मी कॅनॉलच्या कडेला बसायला लागलो. पाण्याकडं बघत. जरा जास्तच बघत. बायकोला ते कळलं. तिनं कुणाला विचारलं नाही. मला एसटीत घातलं आणि बारामतीला डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं.

बाई म्हणाल्या, “हा आजार आहे. औषध आहे. वेळ लागेल.”

वेळ लागला. रोज गोळी. ठरल्या वेळी झोप. बायकोच्या सोबतीनं चालणं. मधूनमधून बाईंपुढं बसून बोलणं, बोलता आलं नाही तर नुसतं बसणं. एके सकाळी आमची शेरडं शेजाऱ्याच्या घासाच्या वाफ्यात घुसली आणि मी अशी आरोळी ठोकली की सगळी वस्ती बाहेर आली. बायको तव्यावरची भाकरी टाकून धावली. आधी हसली. मग तिथंच बांधावर बसून रडली. बरं होणं म्हणजे हेच. शेरडांवर ओरडता येणं.

पण वस्तीबाहेरच्या माणसांपर्यंत ती आरोळी पोचली नव्हती. लग्नाची बोलावणी बंद झालेली. येडा हे बिरुद तेवढं कायम.

तरी पडवीत मी गप्प बसलो, कारण पोरीला मुलगा आवडला होता. बोलून दाखवत नव्हती. त्याचा फोन आला की गोठ्यात जायची आणि हसत बाहेर यायची.

साखरपुड्याच्या दिवशी मी नवा सदरा घालून मोटारीच्या खोलीत जाऊन बसलो. बायकोनं तो इस्त्री करून दिला होता, माझ्याकडं न बघता. माईकवरचा कोण तो नवखा पाहुण्यांची नावं वेड्यावाकड्या क्रमानं घेत होता. खरं सांगतो, अपमान राहिला बाजूला, त्या क्रमानंच माझा जीव कासावीस झाला. तेवढ्यात तो म्हणाला, “वधूपिता बाहेरगावी असल्यामुळं टॉवेल-टोपीचा मान मुलीच्या चुलत्यांना.”

बाहेरगावी! मी मांडवापासून उसाच्या चार सऱ्यांवर होतो.

येडा म्हटलेलं मी सोसलं होतं. पण मी नाहीच? कॅनॉलच्या कडेला बसायचो तेव्हा आजार मला हेच सांगायचा. तू नसलास तरी चालेल. तिथून मला बायकोनं ओढून आणलं होतं. आणि आता माणसं तेच सांगत होती, माईकवरून, टाळ्या घेऊन.

मी उठलो. मांडवात शिरलो. त्या नवख्याच्या हातातून माईक घेतला.

“मी वधूपिता. बाहेरगावी न्हाय, हितंच हाय. मला मनाचा आजार झाला हुता. बारामतीत औषध चालू हाय. गोळी रोज एक. दोन न्हाय.”

साहेब उठले. “ए येड्या, ठेव माईक!” त्यांनी बोट दाखवलं आणि स्पीकरवाल्यानं बटण फिरवलं. माझं निम्मं बोलणं माझ्या मलाच ऐकू आलं. भाऊ माझा दंड धरून म्हणाला, “दादा, पोरीचं वाटोळं करतोयस.” त्याच्या डोक्यावर माझ्या मानाची टोपी होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो. स्थळ मोडलं. मुलाचा फोन पुन्हा आला नाही. पोरगी अजून गोठ्यात जाते, हसत बाहेर येत नाही. तिचं जे गेलं ते मला भरून देता येणार नाही, आणि देता येईल असं मी कुणाला सांगणारही नाही. मी तीन गोष्टी ठरवल्यात. गोळी चारचौघांत घेईन. ज्या मांडवात माझा आजार लपवायला सांगतील तिथं माईक धरणार नाही. आणि त्या साहेबाचं नाव माझ्या तोंडून परत माईकवर येणार नाही, बिरुदासकट नाही, बिरुदाशिवायही नाही.

पण त्या घटकेला हे काही ठरलेलं नव्हतं. मी मुका माईक धरून उभा. माईक खाली ठेवावा असं खरंच वाटलं.

आणि सगळ्यात मागून, घराच्या उंबऱ्यातून, शालू नेसलेली पोरगी लहानपणीसारखी बोंबलली,

“आप्पा, मागं ऐकू आलं न्हाय! परत सांगा!”