त्याच्या बोंबलण्याला मी हसत न्हाई

ज्या विनोदी नटाचं नाव घेतलं की आमची अख्खी गल्ली हसायला लागते, तो नट मला फालतू वाटतो. मी चौथी शिकलेला माणूस, मला सिनेमातलं काय कळतं, असं सुनेचं म्हणणं. कळतं तेवढं सांगतो. त्याला मारतात अन् तो बोंबलतो, एवढीच त्याची कला. थापड बराबर वेळेवर मारतो तो दुसराच. धाडकन आवाज मागून घालतो तो तिसरा. टाळ्या मात्र याला. इतका मार खातो, पण अंगावर एक वळ दिसत न्हाई.

हे मी माझ्या दोस्ताच्या घरी, त्याच्याच टीव्हीपुढं बोललो. जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं जोडीनं राबलो. त्याचा उजवा पाय मांडीतून कापलेला आहे. माझी बायको गेली तेव्हापासून मोकळं बोलायला मला ते एकच घर उरलंय. दर रविवारी जातो.

पडद्यावर कुणीतरी त्या नटाच्या मांडीला तापलेली इस्त्री लावली. तो मांडी धरून, तोंड वासून, एका पायावर नाचायला लागला. दोस्त हसून हसून खोकायला लागला.

"बंद कर ते," मी म्हणलो.

"का? तुला लावली का इस्त्री?"

"तुला लागल्ती. विसरलास?"

त्याचं हसणं थांबलं.

कंपनीत मशीनचा आवाज असा, की स्वतःचं खोकणं ऐकू यायचं न्हाई. सगळी बोली हातांची. हात वर केला की थांब, टोपी फिरवली की चहा. एका लोखंडी रोलातून तापून लाल झालेली सळई सुटायची, तिचं तोंड लांब सांडशीत धरायचं अन् वळवून पुढच्या रोलात घालायचं. दोन सळयांच्या मधे जरा दम मिळाला की दोस्त याच नटाची नक्कल करायचा. मांडी धरायची, तोंड वासायचं, गिरकी घ्यायची. आवाजाची गरजच न्हाई. आम्ही हसून लोळायचो.

त्या दिवशी सळई रोलातून उसळली अन् आम्हाला न दिसणाऱ्या अंगानं त्याच्या मांडीत घुसली. आम्हाला दिसलं ते त्याचं वासलेलं तोंड. त्यानं मांडी धरली, गिरकी घेतली. सगळे हसले. सळई मांडीतून सरकतच राहिली. मशीन बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते दाबलं, तोवर कातडं जळाल्याचा वास आल्ता.

"तुझा पाय त्या नटानं नेला," मी म्हणलो. "त्याची नक्कल नसती तर आम्ही तवाच धावलो असतो." अन् उठून टीव्हीची वायर उपटली.

"नट व्हता का तिथं?" दोस्त ओरडला. "बटण कुणाच्या हाताशी व्हतं?"

इतक्या वर्षांत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या कानाखाली मारली. म्हातारा दोस्त बाजेवरून खाली पडला. पडल्या पडल्या त्यानं कुबडी फिरवली ती माझ्या तोंडावर. दात तुटून जिभेवर आला. मी त्याच्या छातीवर बसलो, गळा धरला. त्यानं माझ्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. तो निळा पडत होता तरी मी सोडून राह्यलो नव्हतो.

दोस्ताच्या बायकोनं, वहिनीनं, पाण्यानं भरलेला माठच माझ्या पाठीवर फोडला.

"भावजी! मारून टाकता का त्यांला? एक पाय राह्यला तो बी नेता का?"

मी उठलो. ओल्या कपड्यानं रस्त्यानं थुंकत घरी आलो. सुनेला म्हणलो, घसरलो.

आठवडाभर मला भाकर चावता आली न्हाई. पण खरी धाकधूक दुसरीच होती, की आता ते दार मला उघडतं का न्हाई. आयुष्यात कुणाची माफी मागितली न्हाई मी. रविवारी तरी गेलो. दार वहिनीनं उघडलं, अन् आत जायला जागा दिली न्हाई. मागं बाजेवर दोस्त. गळ्यावर माझी बोटं काळीनिळी उमटलेली.

मी चौकटीतूनच बोललो, "नट फालतूच हाय. ते मी मागं घेणार न्हाई."

"हेच सांगायला आला का?"

"पाय त्यानं न्हाई नेला. तू बोंबलत व्हतास अन् मी टाळ्या वाजवून राह्यल्तो. हात रिकामा नव्हता माझा."

दोस्तानं कुबडी हाताशी ओढली.

"बघितल्तं मी तुला," तो म्हणाला. "पडता पडता. सगळ्यात जास्त तूच हसत व्हतास."

"मंग बोलला का न्हाई कधी?"

"बोललो असतो तर तू आला असता का इकडं?"

वहिनी दारातून बाजूला झाली. दोस्त बाजेवर थोडा सरकला.

"बस," तो म्हणाला. "टीव्हीला हात लावलास तर उरलेले दात बी पाडीन."