बाईंचा आवाज गेला ते वर्ष

माझा वर्ग आणि बाईंचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. मी भाषा शिकवतो, बाई गणित. पण गेली अकरा वर्षं माझी मुलं दोन्ही विषय एकदमच शिकत आली, कारण बाईंचा आवाज भिंतीला जुमानत नसे. मी कवितेतल्या संध्याकाळी शिरावं आणि पलीकडून "म्हणून हे दोन कोन समान" असं दणक्यात ऐकू यावं, हे रोजचंच. मुलांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्या खूशच होत्या. एकदा मैदानावर ऐन स्पर्धेत ध्वनिक्षेपक बंद पडला, तेव्हा मुख्याध्यापकांनी दुरुस्तीवाल्याला फोन करायच्या आधी बाईंना बोलावणं धाडलं होतं.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच बाईंचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी कानाडोळा केला. गरम पाणी पीत, गोळ्या चघळत तास घेत राहिल्या. आवाज बसला की माणूस हळू बोलतो. बाई उलट जोर लावून बोलायच्या. एके दिवशी समीकरण सोडवता सोडवता वाक्याच्या मधोमध आवाज तुटला तो तुटलाच. ओठ हलत होते, बाहेर येत होती ती नुसती हवा. मुलांना आधी वाटलं बाई गंमत करताहेत.

घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आहेत. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण काढायला हव्या होत्या. त्यानंतर तीन आठवडे अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि पुढचे तीन महिने अगदी नडलं तरच दोन शब्द. पहिल्यासारखा आवाज येईल अशी आशा धरू नका, हे डॉक्टर जाता जाता बोलून गेले. बाईंच्या जिव्हारी लागलं ते एवढंच.

शस्त्रक्रिया झाली आणि मी घरी भेटायला गेलो. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल, भिंतीभर दुरुस्तीला आलेली घड्याळं. घरात जरा शांतता असावी, असं ते तीस वर्षं म्हणत आले होते. ती मिळाल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला दारातच गाठलं. "सर, घर खायला उठतं हो. ही घड्याळं एवढा आवाज करतात, हे मला आत्ता कळलं."

बाई आतल्या खोलीत वही घेऊन बसल्या होत्या. शेजारी शाळेचं पत्र पडलं होतं. मुख्याध्यापकांनी भल्या मनानेच लिहिलं होतं: वर्षभर रजा घ्या, नाहीतर परीक्षेच्या कामाला बसा, तास कोणीतरी सांभाळेल. बाईंनी वहीवर लिहून वही माझ्यापुढे सरकवली. "मला वर्गात यायचंय. कसं ते कळत नाही."

मला तरी कुठे कळत होतं? ज्यांना कळत होतं त्या संगणकाच्या मॅडम, बाईंपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी शाळेला वीस टॅब मिळाले तेव्हा त्यांनी उत्साहाने सगळ्या शिक्षकांना ते शिकवायला घेतले होते, आणि बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना गप्प केलं होतं. खडू मोडला तर एकाचे दोन होतात, हे मोडलं तर दुकानात न्यावं लागतं, असं बाई म्हणाल्या आणि शिक्षकखोली हसली. टॅब कपाटात गेले. कपाटावर बाईंचे वह्यांचे गठ्ठे राहू लागले.

त्याच मॅडम दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी वहीवर लिहिलं, "मी तुला तेव्हा फार टाकून बोलले होते."

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच आलेय. आता तुम्हाला उलटून बोलता येणार नाही."

बाईंना हसायचीही बंदी होती, तरी खांदे गदगदले. मग मॅडमनी टॅब उघडून त्यांना ऑनलाइन फळा दाखवला. एका टॅबवर लिहिलं की ते वर्गातल्या मोठ्या पडद्यावर उमटतं, आणि मुलं आपापल्या टॅबवरून त्याच फळ्यावर लिहू शकतात. बाई सलग तीन आठवडे रोज तासभर शिकल्या. बोट कुठे ठेवायचं, पुसायचं कसं, एखाद्याने गोंधळ घातला तर त्याचं लिहिणं थांबवायचं कसं. शेवटचा धडा त्यांनी सगळ्यात आधी आत्मसात केला.

चौथ्या आठवड्यात त्या वर्गात परतल्या. पहिला दिवस फुकट गेला. चौतीस मुलं, दोघांत एक टॅब, आणि बाई ओरडू शकत नाहीत ही आनंदाची बातमी. बाईंनी त्रिकोण काढला, कोणी त्याला मिशा काढल्या. बाईंनी पुसल्या, पुन्हा उगवल्या. बाई न रागावता पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मिशांचा कंटाळा आला आणि मुलं गणिताकडे वळली.

आठवडाभराने बाईंनी एक सिद्धता मुलांवर सोपवली. फळ्यावर सगळ्यांचं पुस्तकातलंच उतरत होतं. एका कोपऱ्यात मात्र तीन ओळींत निराळ्याच वाटेने उत्तर आलं. हे कोणी केलं, असं बाईंनी लिहिलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात अर्धाच वर केला. ती बोलताना अडखळायची, म्हणून वर्गात तोंडच उघडत नसे. मधल्या सुटीत बाई माझ्याकडे आल्या आणि बराच वेळ वहीवर लिहीत बसल्या. "तीन वर्षं मी हिला प्रश्न विचारायचे आणि तिचं उत्तर सुरू व्हायच्या आत पुढच्याकडे वळायचे. मला वाटायचं, मी तिची लाज राखतेय. माझ्या आवाजात तिला जागाच नव्हती." मी वाचून वही परत दिली.

मॅडमनी बाईंना इंटरनेटवरच्या एका गटातही घालून दिलं होतं. ठिकठिकाणचे शेकडो गणितशिक्षक तिथे एकमेकांना अडचणी विचारायचे. आवाजाशिवाय शिकवता येतं का, असं बाईंनी तिथे विचारलं. घशासाठी काय करावं याच्या सूचनांचा पाऊस पडला. एका सज्जनांनी तर लवकर निवृत्तीचा अर्ज कसा लिहावा तेही कळवलं. त्या गर्दीत एक उत्तर असं होतं: "मी एकोणीस वर्षं तसाच शिकवतो आहे. माझी मुलं कर्णबधिर आहेत. आमच्या वर्गात एकदा या." हे सर आमच्यापासून कित्येक तासांच्या अंतरावर, सरळ उत्तरेला असलेल्या शाळेत शिकवत होते.

दर गुरुवारी तिसरा तास दोन्ही वर्गांनी एकत्र घ्यायचा, असं ठरलं. तो माझा मोकळा तास, म्हणून मी मागे जाऊन बसलो. मोठ्या पडद्याच्या एका बाजूला फळा, दुसऱ्या बाजूला पलीकडचा वर्ग: सतरा मुलं अर्धवर्तुळात बसलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. बाईंनी मुलांना आधी सगळं समजावून लिहिलं होतं. तरी चित्र आल्याबरोबर आमच्या वर्गातला एक नकलाकार पोरगा सवयीने कॅमेऱ्यापुढे वाकून म्हणाला, "हॅलो, आवाज येतोय का?"

पलीकडच्या सरांनी हातांनी ते मुलांना सांगितलं. सतराच्या सतरा मुलं हसत सुटली. मग फळ्यावर एकाने लिहिलं, "नाही. पण तुझं अक्षर दिसलं तर बघू."

तिथून ओळख झाली. ती मुलं भूमितीत आमच्यापेक्षा चलाख निघाली. आकृती बघून काय चाललंय ते ओळखण्याचा सराव त्यांना जन्माचा. त्यांनी आमच्या मुलांना खुणा शिकवल्या: कोन, समान, वर्तुळ, चूक, पुन्हा सांग. बाईंना त्यांनी एक नावही दिलं. टॅब आला तरी बाईंच्या हातचा खडू सुटला नव्हता. विचार करताना त्या खडूच्या हाताने कपाळ चोळतात आणि तिथे पांढरा पट्टा उमटतो. दोन बोटं कपाळावरून ओढली की झाल्या बाई. भोंग्यापेक्षा हे नाव त्यांना जास्त आवडलं. एका गुरुवारी तास संपल्यावर मॅडम धावत आल्या आणि माफी मागू लागल्या, कारण स्पीकरची वायरच जोडायची राहून गेली होती. तासभर कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सगळंच असं गोड झालं नाही. पाचव्या की सहाव्या गुरुवारी बारा समान बाजूंच्या आणि समान कोनांच्या आकृतीतला प्रत्येक कोन किती, असा प्रश्न होता. आमची मुलं आकडेमोडीत अडकलेली. पलीकडून दोन वेण्यांच्या एका मुलीने हात वर केला. ती सरांजवळ बोलण्याचा सराव करायची आणि त्या दिवशी तिला उत्तर तोंडाने द्यायचं होतं. ती उभी राहून म्हणाली, "दीडशे." आवाज उंच, ओढलेला, शब्द मधेच घसरलेला. नकलाकार फस्सकन हसला आणि त्याने तो शब्द तसाच्या तसा काढून दाखवला. दोन-चार जण त्याच्याबरोबर हसले.

बाई उठल्या. त्या शाळेत एकही शब्द बोलत नसत, डॉक्टरांची मुदत संपायला अजून पाच आठवडे होते. त्या त्याच्या बाकापाशी गेल्या आणि बोलल्या. गंजलेली बिजागरी करकरावी तसा, मधेच फुटणारा, मधेच नाहीसा होणारा आवाज. तो बाईंचा आहे हे कळायलाच आम्हाला क्षण लागला.

"आता माझ्या आवाजाला हस," बाई म्हणाल्या.

पोराची मान खाली गेली ती वर येईना. बाई जागेवर जाऊन बसल्या. मग त्याने टॅब ओढला आणि सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लिहिलं, "मी हसलो. माझं चुकलं."

पलीकडून वेण्यांच्या मुलीने लिहिलं, "हसलास ते दिसलं. पण माझं उत्तर बरोबर आहे का ते कोणी सांगेल का?"

त्याने घाईघाईने गणित करून पाहिलं. मग लिहिलं, "बरोबर आहे. आमच्यातल्या एकालाही आलं नव्हतं."

तिने दोन्ही हात वर करून बोटं हलवली. त्यांच्याकडे टाळ्या अशा वाजवतात. आमचा अख्खा वर्ग हात वर करून बसला. मी भाषेचा शिक्षक, गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण माझेही हात वर होते.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या वर्गात सगळ्यात सफाईदार खुणा कोणाला येऊ लागल्या असतील तर त्या नकलाकाराला. माणसाचे हावभाव उचलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, तो गुण इथे कामी आला.

बाईंचा आवाज परत आला, पण बारीक. दुसऱ्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा. वर्षाअखेरीस शिक्षकांच्या मेळाव्यात त्यांना बोलायला बोलावलं, तेव्हा त्यांनी लिहिलं आणि मी वाचलं. लोकांची अपेक्षा होती की बाई नव्या साधनांचे गोडवे गातील. बाईंनी लिहिलं होतं की तीच साधनं दोन वर्षं आमच्या कपाटात होती, तेव्हा कोणी कोणाशी जोडलं गेलं नाही. पुढे त्यांनी लिहिलं होतं: माझ्या घरी येऊन एकीने कपाटातली वस्तू माझ्या हातात ठेवली, आणि कित्येक तासांच्या अंतरावरच्या एका अनोळखी माणसाने "या" म्हटलं, तेव्हा कुठे ते सुरू झालं. माझ्या वर्गातल्या सात मुलांच्या घरी इंटरनेट नाही, म्हणून हे सगळं आम्ही शाळेतच करतो, घरचा अभ्यास वहीतच देतो, हेही त्यात होतं. मग आभार होते: डॉक्टरांचे, मॅडमचे, पलीकडच्या सरांचे, दोन मुलींचे. शेवटी एका ओळीत घरातल्या घड्याळवाल्यांचे, ज्यांनी तीन महिने दोघांच्या वाटचं बोलून काढलं. ते समोरच बसले होते आणि चष्मा पुसत होते.

या वर्षी दोन्ही वर्गांनी पृथ्वीचा घेर मोजायला घेतला आहे. एकाच दिवशी दोन्ही अंगणांत सारख्या उंचीची काठी उभी करायची, भर दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायची आणि दोन शाळांमधल्या अंतरावरून हिशेब मांडायचा. पहिल्या खेपेला घेर भरला बत्तीस हजार किलोमीटर, म्हणजे पुस्तकापेक्षा चांगलाच आठ हजारांनी कमी. तुमची काठी तिरकी होती, असं पलीकडच्यांनी लिहिलं. आमच्यांनी लिहिलं, तुमचीच असेल. फळा भांडणाने भरून गेला, हातांचीही चकमक झाली.

मी बाईंना म्हणालो, आवरा यांना. बाई खडूच्या हाताने कपाळ चोळत मजेत बघत होत्या. "राहू द्या," त्या त्यांच्या बारीक आवाजात म्हणाल्या. "पाहुण्यांशी कोणी असं भांडत नाही."

पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजायचं ठरलं आहे. काठी सरळ उभी आहे का ते बघायला गवंड्याचा ओळंबा कोणी आणायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही.